मरून टाकीवरचे ओरखडे

पांढऱ्या बनियनच्या फडक्यावर मरून रंग उतरत होता. आधी फिकट, कोकमाच्या पाण्यासारखा... मग दाट होत होत थेट जांभळाच्या सालीसारखा. मी घाबरून ओरडले, "बाबा, गाडीचा रंग निघतोय!" बाबा खाली मान घालून टाकी घासत होते, ते तसेच हसले. "निघणारच. ओरखड्याच्या भोवतीचा रंग अगदी थोडा, त्याच्या तळापर्यंत खाली आणायचा. मग ओरखडा दिसत नाही." त्यांच्या बोटांना रबिंग कंपाउंडचा, त्या घासायच्या लेपाचा वास होता – रॉकेल आणि ओली माती एकत्र कालवल्यासारखा. त्या वासात खाडीकडून येणाऱ्या वाऱ्याचा खारा, चिखलट वास मिसळलेला असायचा. आजही कुठल्या गॅरेजवरून जाताना त्यातला अर्धा वास येतो, आणि उरलेला अर्धा मन आपसूक शोधू लागतं.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. आम्ही लालबागच्या खोलीतून नेरूळच्या नव्या, अजून चुन्याचा वास न गेलेल्या फ्लॅटमध्ये राहायला आलो होतो. इमारती होत्या, पण त्यांच्यामध्ये माणसांपेक्षा गवत जास्त. गॅलरीत उभं राहिलं की दूर तिवरांची हिरवी-काळी रेघ दिसे आणि तिच्यापलीकडे पाण्याचा एक चकचकीत तुकडा. बस कधी येई, कधी येतच नसे. त्यामुळे बाबांनी तुर्भ्याच्या कारखान्यात जाण्यायेण्यासाठी मरून रंगाची एक मोटारसायकल घेतली, आणि त्या विरळ वसाहतीत आमचं घर एकदम कुठेही पोचू शकणारं घर झालं.

माझी जागा पुढे, टाकीवर. तेव्हा सगळीच पोरं तशी बसायची. बाबांचे दोन्ही हात माझ्या दोन्ही बाजूंनी हँडलपर्यंत गेलेले, मागे आई, तिचा पदर खोचलेला. रविवारी संध्याकाळी आम्ही सारसोळ्याच्या जेट्टीवर जायचो. ओहोटीच्या वेळी होड्या चिखलात कलून पडलेल्या असत, जाळ्यांना निळसर वास असे – हो, त्या वासाला मला तरी निळाच रंग वाटायचा – आणि मांड्यांखाली टाकी तापून अजून थरथरत असल्याचा भास व्हायचा. वारा इतका, की बाबा काहीतरी बोलत आणि त्यांचे शब्द माझ्या डोक्यावरून थेट मागे आईकडे जात. ती हसली की मला कळे, काहीतरी गमतीचं होतं.

मग एका सकाळी कामाला जाताना बाबा पडले.

गाडी घसरली नव्हती, कुणी धडकलं नव्हतं. सरळ रस्त्यावर, खडी टाकलेल्या कडेला, त्यांना फिट आली. आयुष्यातली पहिली. मागून सायकलवर काशिनाथकाका येत होते. ते सारसोळ्याचे, बाबांच्याच कारखान्यात. घरची होडी भाऊ चालवत, हे नोकरी करत. त्यांनी बाबांना उचलून रिक्षात घातलं, दवाखान्यात नेलं आणि दुपारी घरी आणून सोडलं. बाबांच्या कोपराला पट्टी होती, बाकी काही नाही. गाडी मात्र उजव्या कुशीवर फरफटत गेली होती. टाकीवर, साइड कव्हरवर मांजरीनं रागानं बोचकारावं तसे पांढरट ओरखडे उठले होते.

तपासण्या झाल्या, गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी सांगितलं, गाडी चालवायची नाही. कारखान्यातही त्यांना मशीनवरून काढून स्टोअरमध्ये टेबलावर बसवलं. ते घरी सांगताना बाबा म्हणाले, "पंखा आहे तिथे. बरं आहे." रात्रीच्या जेवणाची पानं घेताना आईचा हात मध्येच थांबला. "त्या दिवशी ही पुढे बसलेली असती तर..." एवढंच. वाक्य तिने पुरं केलं नाही, आणि पुन्हा कधी उच्चारलंही नाही.

पावसाळाभर गाडी इमारतीखाली ताडपत्रीत राहिली. बाबा रोज संध्याकाळी खाली जात, ताडपत्री दुमडत, एक किक मारत, इंजिनाचा आवाज डोळे मिटून ऐकत आणि बंद करत. वर गॅलरीत आई दोरीवरचे कपडे काढता काढता थबकून तो आवाज ऐके. कपडे हातातच राहत. आवाज थांबला की ती सुटकेचा श्वास सोडी, आणि त्या श्वासात थोडं दुःखही असे, हे मला फार नंतर समजलं.

दसऱ्याला गाडीला हार घातला आणि त्याच दुपारी बाबा म्हणाले, "गाडी काशिनाथला देऊ या. त्याला लांब पडतं सायकलनं."

काशिनाथकाका ऐकून गडबडले. दारातच उभे राहिले, आत येईनात. "दादा, मना नको तुमची गारी. तुमी बरं व्हाल, मंग परत चालवाल. तवर राहू द्या तिला."

"उभी राहून गंजेल ती."

"मी येऊन पुशीन रोज. पन नको, दादा."

"काशिनाथ," बाबा म्हणाले, "दुसऱ्या कुणाला दिली तर मला दिसणारही नाही. तुझ्याकडे असली तर दिसेल तरी."

यावर काशिनाथकाकांनी मान खाली घातली. म्हणाले, "बरं. पन पुसायची, धुवायची काय नको. हाय तशी नेईन."

"छे! खरचटलेली नाही द्यायची."

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत बाबा आणि मी बसनं वाशीला गेलो. गाडीच्या सामानाचं ते अरुंद दुकान अजून डोळ्यांपुढे आहे. छताला टांगलेल्या टायरांची काळी वेटोळी, रबराचा उग्र वास, काचेखाली बल्ब आणि नटबोल्ट मोत्यांसारखे मांडलेले. दुकानदार तरुण होता, घाईत होता. "काका, कशाला हातानं मेहनत करताय? ही मशीन बघा. ड्रिलला हा लोकरीचा पॅड लावायचा, कंपाउंड टाकायचं, मारायची. पाच मिनटात आरसा! टेन्शनच नाय."

बाबांनी ती मशीन हातात घेतली. घेतल्याबरोबर त्यांची बोटं आपापल्या जागी गेली... अंगठा इथे, तर्जनी बटणावर, मनगट किंचित आत वळलेलं. कारखान्यातली इतक्या वर्षांची सवय. क्षणभर त्यांचे खांदेसुद्धा बदलले, ताठ झाले. स्टोअरच्या टेबलावर बसून आलेले बाबा वेगळे, आणि हे वेगळे. दुकानदार म्हणाला, "चालू करून बघा ना." बाबांनी बटणावरचं बोट उचललं आणि मशीन काळजीपूर्वक, झोपलेलं मूल ठेवावं तशी, काउंटरवर ठेवली.

"नको. हातानंच करू."

मग निवडानिवड सुरू झाली, आणि त्यात मी होते, मनापासून होते. दुकानदारानं पुढे टाकलेलं पिवळं कापड बाबांनी माझ्या गालावरून फिरवलं. "टोचतंय?"

"थोडं."

"मग टाकीलाही टोचेल." ते बाजूला गेलं. दुसरं, तिसरं... शेवटी ते म्हणाले, "घरी माझी जुनी बनियन आहे, तिच्यासारखं काही नाही." पाण्यात भिजवून घासायचा काळा, खरखरीत वॉटर पेपर त्यांनी सगळ्यात बारीक निवडला. कंपाउंडच्या डब्यातून चिमूटभर काढून माझ्या बोटांत दिलं. "चोळून बघ. वाळू लागते की पीठ?"

"वाळू."

"मग हे नको. हे बघ."

"पीठ!"

"हेच द्या," ते दुकानदाराला म्हणाले. वर चकाकीसाठी मेणाच्या पॉलिशची एक चपटी डबी घेतली. तिचं झाकण उघडून आम्ही दोघांनी आळीपाळीनं वास घेतला. सगळं सामान माझ्या मांडीवर ठेवून आम्ही बसच्या खिडकीत बसलो, आणि परतीच्या वाटेवर बाबा बऱ्याच दिवसांनी शीळ वाजवत होते.

काम सावलीतच करायचं, कारण तापलेल्या पत्र्यावर कंपाउंड लगेच वाळतं. इमारतीखाली पंखे नव्हते, पण खाडीचा वारा खांबांमधून वाहायचा. आधी साबणाच्या पाण्यानं धुणं, मग प्रत्येक ओरखड्यावरून नख फिरवून बघणं. नख अडलं नाही तर तो नुसत्या पॉलिशनं जाणार. जरा अडलं तर वॉटर पेपर. फारच अडलं तर तो तिथेच राहणार. मी मगातून पाणी सोडायची, बाबा पेपर एकाच दिशेनं, कुरवाळल्यासारखा फिरवायचे. कडेला आले की हात अगदी हलका – कडेचा रंग पातळ असतो, चटकन खालचा पत्रा उघडा पडतो. मग फडक्यावर कंपाउंड, लहान लहान वर्तुळं... आणि धुकट झालेल्या रंगातून हळूहळू आधी उजेड, मग खांब, मग माझे दोन वेण्यांतले कान दिसू लागत.

पण काम संपेना. एक ओरखडा गेला की बाबांना दुसरा दिसे – डाव्या बाजूला, जिथे गाडी पडलीच नव्हती. मडगार्डच्या आतल्या अंगाला, जिथे कुणी वाकूनही बघणार नाही. काशिनाथकाका दोनदा डोकावून, "होऊ द्या सावकाश," म्हणून गेले. शेवटी आई चहाचे पेले घेऊन खाली आली आणि म्हणाली, "अहो, किती घासाल? रंगच उरायचा नाही." बाबा नुसते "हं" म्हणाले. आईनं माझ्याकडे पाहिलं. मला तेव्हा कळलं की बाबांना काम संपवायचंच नव्हतं.

आणि मग एका दुपारी, टाकीच्या उजव्या कुशीवर फडकं फिरवता फिरवता त्यांचा हात थांबला. मला वाटलं, ओरखडा बघतायत. "बाबा?" डोळे उघडे होते, पण ते माझ्याकडे नव्हते... कुठेच नव्हते. मग ते कलले. आईनं मला शिकवून ठेवलं होतं – कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, शर्टाचं बटण सोडायचं, आणि थांबायचं. मी ते सगळं केलं. डोक्याखाली माझी मांडी दिली. त्यांचं अंग ताडताड उडत होतं आणि माझा मग कुठेतरी गडगडत गेला होता. मी "आई" म्हणून ओरडले, असं आई सांगते, मला आठवत नाही. मला आठवतं ते एवढंच, की त्यांचं डोकं फार जड होतं. एवढ्या मोठ्या माणसाचं डोकं आपण कधी असं धरलेलं नसतं.

झटका ओसरला. आई येऊन शेजारी बसली होती, पदरानं त्यांचं तोंड पुसत होती. बऱ्याच वेळानं बाबांच्या डोळ्यांत ओळख आली. आधी त्यांनी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"घाबरलीस?"

"नाही."

त्यांनी माझा गाल थोपटला. मग त्यांची नजर टाकीवर गेली. कंपाउंड तसंच वाळून पांढरं, कडक झालं होतं. "वाळलं," ते पुटपुटले. उठून खांबाला टेकून बसले, आणि फडकं माझ्या हातात दिलं.

"आता तू कर. मी सांगतो."

मी पाणी लावून ते वाळलेलं पांढरं सोडवलं, पुन्हा कंपाउंड घेतलं, वर्तुळं काढली. ते बसल्या जागेवरून सांगत होते – "हलक्या हातानं... कडेला जाऊ नको... आता मेण." आई उठून गेली नाही. जिन्याच्या पायरीवर बसून पाहत राहिली. उन्हं कलली तेव्हा टाकीत आम्ही तिघंही दिसत होतो, जरा वाकडे, जरा लांबट. एक खोल ओरखडा राहिला होता. बाबांनी त्यावरून एकदा नख फिरवलं आणि म्हणाले, "राहू दे. उद्या काशिनाथला बोलावू."

काशिनाथकाका इस्त्रीचा शर्ट घालून आले. आईनं गाडीला हळदकुंकू लावलं. बाबांनी किल्ली दिली, चोक कधी ओढायचा, उतारावर काय करायचं ते सगळं सांगितलं, मग तेच पुन्हा सांगितलं. काका गाडीवर बसले, चालू केली, आणि निघेनात.

"दादा, बसा मागं."

बाबा उभेच.

"जेट्टीवर जाऊन येऊ. बसा ना ओ. वैनी, सांगा तुमी."

आई म्हणाली, "जा की. मी चहा टाकते."

आपल्याच गाडीवर मागे कधीच न बसलेला माणूस मागे कसा बसतो, ते मी त्या दिवशी पाहिलं. पाय कुठे ठेवायचे ते त्यांना शोधावं लागलं. हात आधी मांडीवर ठेवले, मग सीटच्या कडेला धरले, आणि गाडी हलल्यावर घाईनं काकांच्या खांद्यांवर ठेवले. वळणापर्यंत त्यांची पाठ ताठ होती. वळणावर ती थोडी सैल झालेली मला दिसली. आईनं तोवर चहा टाकला नव्हता. ती माझ्याजवळच उभी होती, तोंडाला पदर लावून.

पुढे कित्येक वर्षं काशिनाथकाका गणपतीत त्याच गाडीवरून येत राहिले. टाकीवर मासळीच्या टोपल्यांचे नवे ओरखडे दर वर्षी वाढत गेले. ते ओशाळून म्हणत, "दादा, नीट नाय ठेवता येत मना." बाबा टाकीवर हात ठेवून म्हणत, "चालतेय ना? मग झालं."

आता बाबा नाहीत. काकाही नाहीत. सीवूड्सला मॉल झाला, जिकडेतिकडे टॉवर उठले, आणि मी लग्नानंतर खांदेश्वरला राहते.

गाडी दिल्यानंतर शाळा संपेपर्यंत रोज सकाळी बाबा आणि मी हातात हात घालून चालत निघायचो – माझी शाळा वाटेवर, त्यांचा बसस्टॉप पुढे. येणारे-जाणारे म्हणत, काय प्रेमानं बाप लेकीला शाळेत सोडायला जातो! बाबाही हसून मान डोलवत. धरलेला हात कुणाचा आणि धरणारा कुणाचा, हे आम्हा दोघांनाच ठाऊक होतं... अजून रस्ता ओलांडताना माझा उजवा हात नकळत थोडासा बाजूला जातो, बोटं उघडतात, आणि मग गाड्यांचा आवाज येतो तशी मी एकटीच पलीकडे जाते.