धुतलेली साल

आमच्या औषधांच्या कारखान्यात मुळांची साल तपासायचं काम त्याचं. सालीची पूड करायची, अल्कोहोलात भिजवायची, गाळायची आणि त्या अर्कात औषधी सत्त्व किती उतरलंय ते यंत्रावर मोजायचं. तो चहासुद्धा दोनदा गाळून प्यायचा, म्हणून आम्ही त्याला गाळणीबुवा म्हणायचो. मला असं गोष्टीसारखं लिहिता येत नाही. पण माझं टेबल त्याच्या टेबलाला लागून होतं, म्हणून हे धाडस.

साल पुरवणाऱ्यांत त्याची थोरली बहीण होती. आईच्या मागे तिनंच मुळं खणून, विकून त्याचं शिक्षण केलं. तरी मालाला माती लागलेली दिसली की हा सगळ्यांदेखत म्हणायचा, "ताई, माल आणलास की शेत?"

"शेत तुझ्या नावावर करते, मग तर झालं?" ताई हसण्यावारी न्यायची.

एका खेपेला तिची साल अगदी लख्ख आली. बुवा खूश. पण यंत्रानं सत्त्व निम्म्याहून कमी दाखवलं. त्यानं पुन्हा पूड केली, पुन्हा मोजलं. तेच. साहेबांना वाटलं, बाई अर्क काढून उरलेला चोथा वाळवून खपवतेय. "तुमची बहीण आहे. तुम्हीच ठरवा," ते म्हणाले.

बहिणीला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणायला नको, म्हणून त्यानं माल नापास केला. तिला एका शब्दानं विचारलं नाही. साहेबांनी तिचा माल कायमचा बंद केला.

पुढे तो तिच्या घरी गेला, तर मोरीची फरशी पिवळीधमक.

"हे काय गं?"

"सालीचं पाणी. भिजत घालून, चोळून चोळून धुतली होती. म्हटलं, माझ्या चिखलापायी चारचौघांत तुझी मान खाली जायला नको."

सत्त्व त्या पाण्याबरोबर वाहून गेलं होतं. त्यानं तिला तसं सांगितलं. तिनं त्या पिवळ्या फरशीकडे पाहिलं. मग म्हणाली, "अरे, मला एकदा विचारायचंस तरी."

दुसऱ्या दिवशी तो साहेबांपुढे हात जोडून उभा राहिला. साहेबांना पटलं, पण माल दुसरीकडून येऊ लागला होता.

त्यानंतर कुणाच्याही मालात सत्त्व कमी भरलं की तो आधी विचारायचा, "धुतली कशी?" लोक कंटाळायचे. तो विचारतच राहिला. ताईचं येणं मात्र थांबलं ते थांबलंच.