लाल, पिवळी आणि निळी

आमचे हे, म्हणजे दिनानाथ, पतपेढीतून रिटायर झाले आणि थेट माझ्या स्वयंपाकघरात रुजू झाले. अडतीस वर्षं ज्या माणसाला मिठाचा डबा कुठला ते ठाऊक नव्हतं, तो मला विचारायला लागला, भेंडी तिरकी का चिरतेस? कुकरच्या शिट्ट्या मोजायचे, तेही मोठ्याने. दोन महिन्यांत माझं डोकं उठलं.

मग त्यांना मामंजींची जीप आठवली. आगाशीला आमच्या वाडीत, केळीच्या कडेला, शेडमध्ये ती पंधरा वर्षं कोंबड्या सांभाळत उभी होती. फोर-व्हील ड्राइव्ह, रंग एकेकाळी हिरवा. हिची हायब्रिड करणार, असं ह्यांनी जाहीर केलं. मागची चाकं डिझेलवर, पुढची विजेवर. विजेची मोटर कुठली, तर आमच्या विहिरीवरच्या पंपाची जुनी. बॅटऱ्या भंगारात गेलेल्या रिक्षांच्या.

आठ महिने ह्यांचं तोंड फक्त जेवायला दिसायचं, तेही ग्रीस फासलेलं. काय सुख होतं म्हणून सांगू.

पण माझी जीभ मेली लांब. ऐन होळीच्या दिवशी ह्यांनी माझ्या पुरणयंत्राचं हँडल काढून जीपला बसवलं. माझं टाळकं सरकलं. शेजारच्या ऑगस्टीनच्या देखत बोलून गेले, "रविवारी ही डिझेलच्या थेंबाशिवाय अर्नाळ्याला जाऊन आली तर राहील. नाहीतर कल्पेश भंगारवाल्याच्या टेम्पोत चढेल."

"बोलव त्याला," हे म्हणाले. ऑगस्टीनने तिथल्या तिथे कल्पेशला फोन लावला. शेजारी असावा तर असा.

नंतर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जीप गेली की हे परत कुकरपाशी. आणि बोललेलं मागे घेण्याची माझ्या माहेरी पद्धत नाही.

शुक्रवारी चाचणी झाली. बटण दाबलं आणि जीप निघाली, मागे, नारळांच्या ढिगात. हे घाबरले नाहीत, मीही नाही. पंपाची मोटर उलटी फिरली तर तिच्या लाल, पिवळी, निळी या तीन वायरींपैकी कुठल्याही दोन अदलाबदल करायच्या, हे बागायतदाराच्या घरात पोरांना पाढ्यांआधी येतं. "उद्या करतो," म्हणाले आणि बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या.

शनिवारी दिवसभर हे जीप पुसत बसले. वायरींना हात लावताना मला काही दिसले नाहीत. विसरले असणार. डोक्यावर चष्मा ठेवून घरभर चष्मा शोधणारा माणूस. संध्याकाळी हे बाजारात हार आणायला गेले. मी मेन स्विच पाडला, पदर खोचला आणि पिवळीच्या जागी निळी, निळीच्या जागी पिवळी लावून टाकली. माहेरी पंप मीच चालवायचे.

रविवारी अर्धी आळी जमली. ऑगस्टीन चर्चमधली मिस्सा आटपून चांगल्या कपड्यांत आला. कल्पेश टेम्पो आणि दोर घेऊन आला. ह्यांनी नारळ फोडला, बटण दाबलं. जीप ऐटीत मागे गेली, पुन्हा त्याच नारळांत.

सगळे खो-खो हसले. हे खाली उतरले, तोंड एवढंसं झालेलं. "मी बदलल्या होत्या गं वायरी," मला म्हणाले. "काल पहाटेच बदलल्या. चार्जिंग चालू होतं म्हणून चालवून पाहिली नाही." वडिलांच्या जीपवर नुसता हात ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, "बांध दोर, कल्पेश."

मी पुढे होऊन दोर धरला.

"थांब रे," मी म्हटलं. "वायरी मीही बदलल्यात. काल संध्याकाळी."

"बिघडवायला?" ह्यांनी विचारलं.

"चालावी म्हणून. तुम्ही परत स्वयंपाकघरात आलात तर मी माहेरी जाईन."

मग त्यांनी पाना माझ्या हातात दिला. पाच मिनिटांत दोन वायरी फिरवल्या. अर्नाळ्याहून बोंबील घेऊन आलो. वाटेत दोनदा ढकलावी लागली, ती कल्पेशने ढकलली. डिझेलचा थेंब जळला नाही.

आता जीपच्या छपरावर सोलर बसवायचंय. दोघंही शेडमध्येच असतो. काल कुकरच्या शिट्ट्या कुणीच मोजल्या नाहीत आणि डाळ करपली.

"मी असतो तर मोजल्या असत्या," हे म्हणाले.

मी म्हटलं, "पिवळी धरा आणि गप्प बसा."