पाळण्यातलं नाव

धायरीच्या इंदुबाईंना कानाचं यंत्र मिळून महिना झाला, पण गर्दीत ते घालायला म्हातारी राजी नव्हती. आज पणतीचं बारसं. नाव आपल्या कानांनी ऐकावं, एवढीच तिची आस.

"पाव्हण्यांचे शंभर फोन असत्याल. त्यांचं बोलणं माझ्या कानात घुसंल."

नवरा वैजनाथ उभी हयात फौजेत वायरलेसवर होता. "नाय घुसत," तो म्हणाला. "यंत्र आन् त्याच्या जोडीला आलेला हा बिनतारी माइक हवेतनं बोलताना सेकंदात शेकडो बारी लहर बदलत्यात. पुढची उडी कुठं, त्या दोघांनाच ठावं. तिसऱ्याच्या हाती काय लागत नाय."

"तुमच्यावर इसवास ठिवून फसले तर?"

"पंचावन्न वर्सं फसलीच हायेस की."

माइक त्यानं नातीच्या, अपेक्षाच्या पदराला लावला. बाळाची आत्या तीच. अपेक्षा पाळण्यात वाकली, तशा बायका तिच्या पाठीत बुक्क्या घालत 'कुर्रर्र' करायला लागल्या. त्या कालव्यात तिनं बाळाच्या कानात नाव सांगितलं. शेजारच्या बाईलाही ते कळलं नाही.

लांब खुर्चीवर यंत्र घालून बसलेल्या इंदुबाईंचा हात कानाकडं गेला. त्या नवऱ्याकडं झुकल्या.

"वल्लरी," त्या हळूच म्हणाल्या. "इतक्यात कुणाला सांगू नगा."