चारशे बुश आणि एक कप्पी

माझ्या थोरल्या दिरांइतका डोक्यात जाणारा माणूस अख्ख्या चिकलठाण्यात दुसरा नसेल, आणि हे मी त्यांच्यासोबत बावीस वर्षं एकाच लेथ वर्कशॉपमध्ये काढून सांगते. ते मशीनवर, मी फोनवर. आमचं घर एका कंपनीच्या कामावर चालायचं: दर शुक्रवारी चारशे लोखंडी बुश, म्हणजे यंत्रात बसवायचे छोटे पोकळ तुकडे, सगळे अगदी सारखे. दादांना त्या सारखेपणाचाच राग. बुश कापताना चेहरा असा, की कुणी एरंडेल पाजलंय. पण दारात कुणी मोडकं काही घेऊन उभं राहिलं की कंपनीचं काम तसंच टाकून उठलेच. पाचोडच्या शेतकऱ्याचा पंपाचा शाफ्ट, शेजारच्या दवाखान्यातल्या खाटेचं चाक, काहीही. वर त्या माणसालाच झापणार, "इतकं झिजंस्तोवर झोपला होतास व्हय?"

एका गुरुवारी पैठणहून एक विणकर बाई आल्या. मागाची कप्पी फुटलेली, बाजारातली बसत नव्हती, अर्धी पैठणी मागावर आणि नवरीचं लग्न तोंडावर. मी हात जोडले, "दादा, उद्या टेम्पो येणारंय. आज नको." ते दिवसभर कप्पीच घडवत बसले. शुक्रवारी टेम्पो रिकामा गेला आणि दुपारी कंपनीचे साहेब स्वतः आले. माफी मागायची सोडून दादा त्यांच्यावरच कडाडले, "तुमचे चारशे हायेत साहेब, दोन दिस थांबले तर मरत नायत. त्या बाईचा माग एकच हाय!" साहेबांनी निम्मं काम दुसऱ्याला दिलं. मी आठ दिवस दादांशी बोलले नाही, डबासुद्धा आपटूनच ठेवायचे. नवव्या दिवशी फर्मान काढलं: दुपारपर्यंत कंपनी, मग सटरफटर.

"सटरफटर?" ते ओरडले. "तुझ्या कंपनीला माझं नाव तरी ठाव हाय का?"

पण पाळलं. धुसफुसत पाळलं. गेलेलं कामही हळूहळू परत आलं.

आता त्यांचे हात थरथरतात. मशीनवर दुसरा कारागीर आहे, माल वेळेवर जातो, दादा दाराशी खुर्ची टाकून बसतात. परवा एक म्हातारबा रसवंतीच्या चरकाची तडकलेली दांडी घेऊन आले. "सुटं काम घेत नाही आम्ही आता," मी म्हणाले आणि दादा उसळतील म्हणून मान खाली घालून थांबले. त्यांनी दांडी मांडीवर घेतली, अंगठ्यानं तडा चाचपला आणि हलकेच परत दिली.

"पुढच्या गल्लीत इचारा, बाबा."

एवढंच. मला वाटलं, ओरडावं त्यांनी. निदान माझ्यावर तरी.