नोंद नसलेले वाचक

बेंगळुरूच्या जुन्या पेठेतल्या दगडी वाचनालयात विश्वेश्वरराव एकतीस वर्षं पुस्तकं देत-घेत होते. सगळी पेठ त्यांना अण्णा म्हणे.

इमारतीची डागडुजी होऊन तिथं नवउद्योजकांची ऑफिसं, कॉफीचं दुकान आणि मागं एक लहानसा वाचनकक्ष होणार, असं ठरलं तेव्हा अण्णांनी कुरकुर केली नाही. छप्पर गळत होतं. कुणी वापरली तरच ती इमारत टिकणार, हे त्यांना दिसत होतं. त्यांचा जीव अडकला होता तो खिडकीजवळच्या मराठी कपाटात. ज्या पुस्तकांना वाचक आहेत तेवढीच वाचनकक्षात राहणार होती, बाकीची गावाबाहेरच्या गोदामात जाणार होती.

यादी करायला प्रांजली आली. मूळची नाशिकची, आता सर्जापूर रोडला राहणारी. मराठी बोलणारी पोरगी पाहून अण्णांनी लगेच कॉफी मागवली. तिनं तीन वर्षांची देवघेव पाहिली आणि म्हणाली, "काका, मराठीची एकही नोंद नाही."

"अण्णा म्हण. काका म्हटलं की रिटायर झाल्यासारखं वाटतं," ते म्हणाले खरे, पण त्यांची नजर मराठी कपाटाकडे गेली.

झालं होतं असं. पुस्तक घ्यायला ओटीपी लागू लागला तेव्हा पेठेतल्या म्हाताऱ्यांची पंचाईत झाली. मोबाईल नंबर मुलांचे, मुलं ऑफिसात. मग अण्णाच पुस्तकं पिशवीत घालून घरोघरी पोचवू लागले, वाचून झालेली परत आणू लागले. एकही हरवलं नाही. कोण काय वाचतंय ते त्यांना तोंडपाठ होतं. कागदावर मात्र काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते ऐंशीच्या सत्यवतीअक्कांना ऑटोत घालून घेऊन आले, हातातल्या पुस्तकासकट. ही बघ वाचक, म्हणाले. प्रांजलीनं पुस्तकाचा नंबर तपासला, मग आपल्या साहेबांना फोन लावून बराच वेळ विनवण्या केल्या. परत आली तेव्हा तिची मान खाली होती.

"आजी, मोजणीत सापडलं नाही म्हणून हे पुस्तक यादीत गहाळ दाखवलंय. तुमच्याकडे होतं असं लिहिलं तर अण्णांवर चौकशी बसेल."

"म्हणजे मी चोर काय ग?"

चूक अण्णांची होती, आणि ती सुधारायला आता मुदतच उरली नव्हती. त्यांनी यादीवर सही केली.

टेम्पो दारात उभा होता, गठ्ठे बांधणं चाललं होतं. अक्का म्हणाल्या, स्वल्प राहिलंय, चाळीसच पानं, इथंच बसून वाचते. त्या खिडकीशी बसल्या, भिंग पुस्तकाला टेकवून. एका पानाला पाच-सहा मिनिटं लागत होती. शेवटच्या गठ्ठ्याची सुतळी हातात धरून हमाल थांबला होता. अण्णा घड्याळाकडे न बघता उभे राहिले.

सातव्या पानावर हॉर्न वाजला. अक्कांनी पुस्तक मिटलं.

"घे, विश्वा. सरी, ठीक आहे."