कझानशुंकूरच्या भेगा

अकसोर गावच्या दवाखान्याची गाडी मेंदिगाली चालवायचा. गाडी पावाच्या लादीसारखी बोजड, तिच्या हीटरची ऊब ड्रायव्हरच्या पायांपलीकडे जात नसे. आणि गावापासून अतिराऊच्या मोठ्या इस्पितळापर्यंतचा रस्ता असा, की धडधाकट माणूसही पोचेपर्यंत आजारी पडावा. अडलेल्या बाळंतिणी, छातीत कळ आलेले म्हातारे, उंटाने लाथ मारलेले गुराखी, सगळे त्याच्याच गाडीतून गेले. बरेचसे पोचले. जे वाटेत गेले, त्यांच्या घरी मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला तो न चुकता जाई, दाराजवळची जागा धरून बसे आणि कुणी विचारलं तरच बोले.

रुग्णाला आत नेलं की इस्पितळाच्या आवारात ताटकळत बसायचं, हा त्याच्या नोकरीचा निम्मा भाग. दुसरे ड्रायव्हर पत्ते कुटायचे. मेंदिगाली फोनवर आकाशातून टिपलेली जमिनीची चित्रं बघत बसे. अशाच एका दुपारी आपल्या मेंढपाळ धाकट्या भावाचं, तुलेपचं हिवाळी ठाणं कुठे दिसतंय का ते शोधताना त्याला कझानशुंकूर दिसला. लहानपणापासून पायाखालचा खळगा तो! उथळ, गवताळ, घोडा दौडवला तर ओतलेला चहा गार व्हायच्या आत पल्याड पोचावं एवढा रुंद. जमिनीवरून तो नुसता उतार वाटायचा. वरून मात्र गोल दिसत होता, कुणी कढई दाबून उठवल्यासारखा.

फोनवरच त्याला उल्का आदळून झालेली असली वर्तुळं शोधणाऱ्या हौशी माणसांचा एक गट सापडला. त्याने चित्र टाकलं. ओम्स्कचा कुणी एक उत्तरला, "अभिनंदन! पृथ्वीवर अजून एक गोल सापडला." बाकीचे हसले. पण एकाने नीट समजावलं. गोल असणं म्हणजे पुरावा नव्हे; गोल तर तळंही असतं. उल्का आदळली असेल तर दगडात घोड्याच्या शेपटासारख्या, एका टोकाला मिळणाऱ्या रेघा उमटतात. गारगोटीच्या कणांत, सूक्ष्मदर्शकाखाली, एकाला लागून एक सरळ चरे दिसतात. वितळून गोठलेली काच असते. हे आणा, मग बोला.

मेंदिगालीला ते पटलं. सुट्टीच्या दिवशी तो हातोडी आणि चुंबक घेऊन तुलेपच्या ठाण्यावर जाऊ लागला. त्याची बायको कुनसुलू म्हणायची, "दगड धुवून धुवून माझ्या पातेल्याचं बूड गेलं. दुसऱ्यांचे नवरे मासे तरी आणतात."

तो हसण्यावारी नेई. हे वेड का लागलं ते त्याने एकदाच तिला सांगितलं होतं. "आयुष्यभर मी घाईत आहे, कुनसुलू. मागे कुणीतरी कण्हतंय आणि मी पळवतोय. हा एवढा मोठा अपघात, पण लाखो वर्षांपूर्वी होऊन गेलेला. आता कुणाला कुठे न्यायचं नाही. तिथे गेलं की बरं वाटतं."

त्या वर्षी पाऊस जास्त झाला आणि शरद ऋतूत कझानशुंकूरच्या काठावर भेगा दिसल्या. आधी एक, मग तिच्या आत दुसरी, दोन्ही खळग्याच्या वळणाने वळलेल्या. मेंदिगाली हरखून गेला. गटातल्या चित्रांमध्ये विवराभोवती अशीच कडी होती, एकात एक. त्याने वाकून वाकून फोटो काढले.

तुलेपचा चेहरा मात्र उतरला होता. ठाणं वाऱ्यापासून आडोसा म्हणून उताराच्या पोटातच बांधलेलं. घर, मेंढ्यांचा गोठा, विहीर.

"आगा, विहिरीचं पाणी खारट झालंय," तो थोरल्याला म्हणाला. "चहा प्यावा तर सूप प्यायल्यासारखं वाटतं. आणि घोड्या खाली उतरत नाहीत. गवत इथे हिरवं, अन त्या वर माळावर वाळकी काटकं चघळत उभ्या."

"घोड्यांना काय कळतं! उल्केच्या दणक्याने खालचा खडक फुटला असणार. फटींतून खारं पाणी वर येतंय. हाही पुरावाच म्हण ना."

"पुरावा तू पी मग. मी म्हणतो, यंदा बाल्कियाच्या माहेरच्या बाजूला ठाणं हलवावं."

"एक हिवाळा थांब रे. शास्त्रज्ञ आले, त्यांनी विवर ओळखलं की इथवर रस्ता होईल, वीज येईल. आणि तेव्हा तूच नसलास तर?"

थोरला भाऊ सांगतोय म्हणून तुलेपने ऐकलं. त्याची बायको बाल्किया चहा ओतत होती. तिने वाटी जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानावर ठेवली. वारा नव्हता, कुणी हललंही नव्हतं, तरी वाटीतल्या चहावर बारीक वलयं उठली आणि मिटली. खोल कुठेतरी तळघरात पोतं टाकावं तसा आवाज झाला.

"आगगाडी असेल," मेंदिगाली म्हणाला.

आगगाडीचा रूळ तिथून दिवसभराच्या वाटेवर होता.

नंतरच्या खेपेला गोठ्याचं दार अडकायला लागलं होतं. तुलेपने ते रंधा मारून पुन्हा बसवलं. आठवड्यात पुन्हा अडकलं. कुत्रं उंबऱ्यापाशी झोपायचं सोडून माळावर जाऊन झोपे. मेंदिगालीने हे सगळं पाहिलं आणि भेगांचे आणखी फोटो काढले.

अतिराऊमध्ये झाउरेश नावाची एक भूशास्त्रज्ञ होती. चाळिशीची, तुटक बोलणारी. गटातल्याच कुणीतरी तिचं नाव सुचवलं होतं. एका सकाळी बाळंतिणीला इस्पितळात पोचवून मेंदिगाली दगडांची पिशवी घेऊन तिच्याकडे गेला. तिने दगड एकेक करून पाहिले, त्याने आधीच पाठवलेल्या काही दगडांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरले. तो टोपी हातात घेऊन उभा.

"आगा, वाईट वाटून घेऊ नका," ती म्हणाली. "कणांत चरे नाहीत. एकही नाही. या रेघा पाण्याने पडल्यात. ही काळी काच म्हणजे जुन्या चुन्याच्या भट्टीतली राख वितळलेली आहे. आणि हा पांढरा दगड जिप्सम, तुमच्याकडे गावोगाव मिळतो."

"म्हणजे उल्का नाही?"

"नाही."

त्याने टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली. मग काहीतरी बोलायचं म्हणून फोन पुढे केला. "पण ही कडी बघा. वर्तुळात वर्तुळ."

झाउरेशने फोटो मोठा केला. मग तिने भेगेच्या आतल्या बाजूवर बोट ठेवलं. तिथे तुटलेली गवताची मुळं लोंबत होती, पांढरी, ओली.

"हे कधी काढलंत?"

"गेल्या आठवड्यात."

"लाखो वर्षांच्या भेगेत जिवंत मुळं कशी असतील, आगा? ही मुळं नुकती तुटलीत." तिचा आवाज बदलला होता. "तुमच्या भागात खाली मीठ आहे. जिप्समही आहे. पाणी मुरलं की विरघळतं, पोकळी होते. जवळ विहीर आहे का?"

"आहे. खारट झालीये."

"घर?"

पिशवी तिथेच टाकून मेंदिगाली जिन्याने खाली पळाला.

तुलेपचा फोन तो टेकडीवर चढला तरच लागायचा. त्या दिवशी लागला नाही. गाडी रिकामी होती. मागे कण्हणारं कुणी नव्हतं, तरी त्याने भोंगा सुरू केला आणि ओसाड माळावर तो वाजवतच गाडी नेली. रस्त्याकडेचे उंट माना वळवून बघत राहिले.

पोचला तेव्हा ऊन कलतं होतं. तुलेप गोठ्याचं दार खांद्याने ढकलत होता.

"कोण मेलं?" भोंगा ऐकून त्याने विचारलं.

"सामान बांध. आत्ता. जमीन खाली जातेय."

"परवापर्यंत रस्ता येणार होता, वीज येणार होती."

"मी चुकलो. उल्का नाही, काही नाही. खाली पोकळ आहे."

"तू म्हणालास थांब, थांबलो. आता म्हणतोस पळ. मी काय तुझ्या गाडीतला आजारी आहे का, उचलून न्यायला?"

बाल्किया दारात आली. तिच्या मागे बांधलेली गाठोडी ओळीने ठेवलेली दिसत होती. "मी कालच बांधलीत," ती म्हणाली. "तुमच्या दोघांपैकी कुणीतरी तोंड उघडायची वाट बघत होते."

अंधार पडायच्या आत मेंढ्या माळावर होत्या आणि बाल्किया दवाखान्याच्या गाडीत, मांडीवर शिलाईचं यंत्र घेऊन.

मग काहीच झालं नाही. पहिलं बर्फ पडून वितळलं. तुलेप सासुरवाडीच्या ठाण्यावर राहत होता आणि तिथली माणसं त्याला खेळकरपणे विचारत, "काय जावई, जमीन अजून वरच आहे ना?" तो चिडला. तुळया, गवत, चूल, सगळं तिथेच पडलेलं. एके दिवशी सकाळी ते आणायला ट्रॅक्टर काढून तो निघाला. मेंदिगालीला कुनसुलूकडून कळलं. त्याने गाडी पळवत नेली आणि कझानशुंकूरच्या वरच्या कडेला ट्रॅक्टरला आडवी घातली.

"हट बाजूला!" तुलेप ओरडला.

"नाही हटत."

"गवत काय तू देणारेस माझ्या मेंढ्यांना? दगड चारू त्यांना, तुझे धुतलेले?" तुलेप ट्रॅक्टरवरून खाली उतरला आणि भावाच्या छातीवर हात ठेवून त्याने त्याला मागे लोटलं. उभ्या आयुष्यात त्याने थोरल्यावर हात टाकला नव्हता. मेंदिगाली गाडीला टेकून उभा राहिला.

तेव्हा खाली विहिरीवरचा लाकडी रहाट कलला. अगदी सावकाश कलला आणि दिसेनासा झाला. मग गोठा बसला, थकलेला माणूस बसतो तसा, आधी एका बाजूने. आवाज नंतर आला. तो कानांत नाही, गुडघ्यांत जाणवला. धुळीऐवजी ओला, आंबूस वास वर आला. सगळं थांबल्यावर घर शाबूत होतं, नव्या कडेवर, आणि त्याचं दार उघडमिट करत होतं. दारापुढे अंगण नव्हतं.

तुलेपने भावाच्या बाहीला धरलं होतं. ती त्याने बराच वेळ सोडली नाही.

लोक फोटो काढायला आले. गटात कुणीतरी ते टाकले आणि ओम्स्कच्या माणसाने लिहिलं, आता मात्र सुंदर गोल झालाय. मेंदिगालीने फोन बंद करून खिशात ठेवला. झाउरेश यंत्रं घेऊन आली, सात-आठ दिवस तारा पसरून बसली. जाताना तिने त्याला बाजूला घेतलं.

"पोकळी तेवढीच नाहीये, आगा. उत्तरेकडे सरकलीये. कुठवर, ते मला इतक्यात सांगता येणार नाही."

"उत्तरेला तीन ठाणी आहेत."

"मी वर कळवलंय. पण कागद हलायला वेळ लागतो. तुमचं लोक ऐकतील."

लोकांनी ऐकून घेतलं, एवढंच. एका घराने सामान हलवलं. दुसऱ्याने वसंतात बघू म्हटलं. शेवटचं ठाणं बातिमा आपांचं. म्हातारी एकटी राहायची. दोन वर्षांपूर्वी मेंदिगालीनेच तिला छातीतल्या कळेसकट अतिराऊला पोचवलं होतं, तेव्हापासून ती त्याला जावयासारखं वागवी.

"बस रे. बाउरसाक खा, आत्ताच तळलेत, गरम आहेत," ती म्हणाली. "जमीन जाऊन जाऊन जाणार कुठे?"

"खाली, आपा."

"मग मलाही तिथेच जायचंय की! वेगळी कबर खणायचा त्रास वाचेल तुम्हा लोकांचा." ती खदखदून हसली आणि त्याची वाटी पुन्हा भरली.

त्याने नाना परीने सांगितलं. तुलेपच्या विहिरीचं सांगितलं, गोठ्याचं सांगितलं. ती मान डोलावत होती, मधेच बाल्कियाच्या शिलाईयंत्राला काही झालं नाही ना ते विचारत होती. शेवटी त्याने वाटीवर हात ठेवला, पुरे म्हणून, आणि बाहेर आला.

माळ सपाट होता, निवांत. घराच्या मागे मेंढ्या चरत होत्या. मेंदिगाली खाली बघत घराभोवती चालू लागला. उत्तरेच्या भिंतीपासून दहा-बारा पावलांवर गवतात एक बारीक रेघ होती, सुरीने ओढल्यासारखी, हलकेच वळलेली.

"काय शोधतोयस रे?" म्हातारीने दारातून विचारलं. "सापडलं तर मलाही दाखव!"

तो गुडघ्यांवर बसला आणि त्याने दोन्ही हातांनी गवत बाजूला केलं. आत तुटलेली मुळं लोंबत होती, पांढरी, ओली.