कमजोर चुंबकाची तबकडी

काटेराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. जुन्या मोटरसायकलींच्या मीटरमधले अडकलेले काटे ते सोडवतात, म्हणून गल्लीने ते ठेवलं. मी त्यांच्या वरच्या खोलीत राहतो. कारखान्यात तीस वर्षं फिटर होतो. दुसऱ्याचं काम बघताना मला सहसा गप्प बसवत नाही. त्यांच्याकडे बसवतं, कारण खोट काढायला जागा नसते.

खाली एकच खोली. खिडकीशी बाक, त्यामागे पलंग. बाकाला दोन स्टुलं. दुसऱ्यावर वहिनी बसायच्या. काटेराव मीटर उघडायचे आणि तबकडीवरचे पुसट झालेले आकडे वहिनी बारीक ब्रशाने नव्याने काढायच्या. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून काटेराव तबकडीचं काम घेत नाहीत. "मी आठ काढला तर भोपळा दिसतो," म्हणतात आणि गिऱ्हाइकाला वाटेला लावतात. मी गेलो की पलंगावर बसतो. स्टुलावर बसा असं ते कधी म्हणाले नाहीत. रविवारी मुलाचा फोन येतो. जेवलात का, जेवलो, बरं. आठवड्याचं बोलणं तेवढंच.

परवा एक निवृत्त बस ड्रायव्हर आपल्या जुन्या मोटरसायकलचा मीटर घेऊन आला.

"काटा थरथरतोय हो काटेराव. चाळीसवर आहे की साठवर, कळत नाही. थंडी वाजत असेल बिचाऱ्याला."

"तुमच्या मागे बसणाऱ्यालाही वाजते," मी म्हणालो.

त्याने पिशवीतून एक कोरी तबकडी काढली. "ही पण बसवा. जुनी पिवळी पडलीय. टाकून द्या, नाहीतर ठेवा तुम्हाला."

काटेरावांनी मीटर उजेडात धरला. काचेखालचे आकडे वहिनींचे होते. वहिनींना लिहायची सवय नव्हती. घरात त्यांच्या हातचं अक्षर नाही. बाकीच्या तबकड्या त्या त्या गाड्यांबरोबर भंगारात गेल्या असणार.

"ठेवतो," ते म्हणाले. इतक्या पटकन, की ड्रायव्हर माझ्याकडे बघायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कामाला बसले. काचेभोवतीच्या कड्याची दुमडलेली कड उचलायलाच तास गेला. घाई केली तर पत्रा चिरतो. आत ग्रीस वाळून दगड झालं होतं. ते काढलं, दांडी पुसली, तेलाचा एक थेंब दिला. मग चुंबक पूर्ण भरला. मीटरमधला चुंबक फिरतो आणि काटा ओढतो. जुना चुंबक कमजोर होतो, म्हणून प्रत्येक मीटरचा ते भरतातच. हात सवयीने चालला. नवी तबकडी लावून मीटर तपासणीच्या मोटरीवर चढवला. चाळीसला चाळीस.

काम संपलं होतं. पण त्यांनी नवी काढून सहज जुनी लावून बघितली. चाळीसला काटा पन्नासवर गेला.

"वहिनी चुकल्या की काय?" मी म्हणालो. बोलायला नको होतं.

त्यांनी मोटर बंद केली. मग म्हणाले, "त्या वर्षी माझी चुंबक भरायची कॉइल जळली होती. ह्याचा काटा मागे राहायचा. ती म्हणाली, काटा आकड्याकडे येत नाही तर आकडा काट्याकडे नेऊ. मी मोटर फिरवून दहा म्हणायचो, ती काटा थांबेल तिथे ठिपका द्यायची. मग वीस. असं शंभरपर्यंत. चूक तिची नाही. चुंबक मी आत्ता भरला."

"मग काय बिघडलं? नवी बरोबर दाखवतेय. ही राहील तुमच्याकडे."

"राहील. खोटी होऊन राहील. ह्या मशीनवर, ह्या चुंबकाच्या जुन्या जोरावरच ती खरी आहे."

आणि त्यांनी चुंबकाचा जोर उतरवायला घेतला. भरणं सोपं, झटक्यात होतं. थोडा थोडा उतरवणं म्हणजे जीव जातो. जरासा उतरवायचा, मीटर जुळवायचा, मोटरीवर बघायचा, परत सोडवायचा. सातव्या वेळी जास्त उतरला. पूर्ण भरून पहिल्यापासून सुरुवात केली. मी चहा करून आणला, तो गार झाला. चार वाजता दहापासून शंभरपर्यंत काटा प्रत्येक ठिपक्यावर थांबला. मी कारखान्यात मोठमोठी कामं बघितली आहेत. इतकी मेहनत बघितली नाही.

संध्याकाळी ड्रायव्हर आला. "अहो, जुनीच? ठेवून घ्या म्हणालो होतो ना?"

"म्हणाला होतात. पण तुमच्या मीटरला हीच बरोबर आहे. दुसरी लावलीत तर वेग कमी दाखवेल. नवी पिशवीत घातलीय."

"तुम्ही म्हणाल तसं," म्हणत त्याने मीटर गाडीवर चढवून घेतला, किक मारली आणि गेला.

काटेराव दारात उभे राहिले. मी म्हणालो, "निदान फोटो काढून ठेवायचा होता."

"काढला असता तर तोच बघत बसलो असतो."

गाडीचा आवाज बारीक होत गेला. "आता वळणावर असेल," ते म्हणाले. "काटा वीसवर."

मग आवाज ऐकू येईनासा झाला. ते आत गेले, मी जिना चढलो.